बेंतोच्या डब्यात दुपारपर्यंत टिकणारं सँडविच

रानजाई

घरी बेंतो, म्हणजे जपानी पद्धतीचा जेवणाचा डबा, भरणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा काढतेय. भाताच्या बेंतोवर भरपूर वाचायला मिळतं, सँडविचच्या बेंतोवर फार कमी. जे मिळतं त्यातले फोटो सुंदर असतात, पण ते सकाळी सातचे असतात. डबा उघडतो साडेबाराला. माझं म्हणणं एवढंच आहे की डब्यातलं सँडविच दुपारच्या हिशेबाने बांधायला हवं. बशीत वाढून लगेच खायचं सँडविच आणि हे सँडविच, या दोन वेगळ्या कृती आहेत.

बिघडतं ते बहुतेक वेळा दोनच कारणांनी. सारणातलं पाणी ब्रेडमध्ये उतरतं, किंवा डब्यात मोकळी जागा राहून सँडविच सरकतं आणि उघडतं.

आधी पाण्याचं बघू. काकडी आणि टोमॅटो, दोन्हींत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. कापलं आणि वर मीठ भुरभुरलं की ते सुटायला लागतं, आणि हे काम बंद डब्यात तासन्‌तास चालू राहतं. म्हणून मीठ ब्रेडवर नको, आधीच लावा. काकडीचे काप मीठ लावून दहा मिनिटं चाळणीत ठेवा, मग पंच्यात घेऊन दाबून टिपा. काप मऊ पडतात, पण दातांखाली करकरीतपणा राहतो आणि सोडण्यासारखं पाणी उरत नाही.

दुसरं म्हणजे बटर. चवीपेक्षाही ते ब्रेड आणि ओल यांच्यामधल्या आडोशाचं काम करतं. बटरमध्ये ८० टक्के किंवा थोडी जास्तच स्निग्धता असते, त्यामुळे पाणी पलीकडे सहज जात नाही. मात्र ते मऊ हवं, वितळलेलं नको. वितळलेलं बटर ब्रेडच्या छिद्रांत मुरून जातं आणि वर थर राहतच नाही. बोटाने दाबलं की खड्डा पडेल पण चमक सुटणार नाही, इतपत मऊ. आणि ते अगदी कडेपर्यंत लावा. मधोमध थापून कडा कोरड्या सोडल्या तर ओल तिथूनच शिरते. दोन्ही स्लाइसना लावा.

मग थरांचा क्रम: ब्रेड, बटर, चीजची चकती किंवा पूर्ण कोरडं केलेलं लेट्यूसचं पान, मग ओलसर जिन्नस, पुन्हा पान, बटर, ब्रेड. ओलं काहीही ब्रेडला थेट भिडू द्यायचं नाही. लेट्यूस धुऊन नुसतं झटकणं पुरत नाही. देठाजवळच्या पन्हाळीत पाणी साठून राहतं, तिथे कापड बोटाने आत घालून टिपावं लागतं.

आता विचारायचं ते. ब्रेड कोणता, किती जाड? रात्री बांधून फ्रिजमध्ये ठेवता का? आणि अंड्याचं सारण दुपारी सैल पडू नये म्हणून काय करता?

गव्हाळ

ब्रेडवर मी लिहितो, बाकीचं जाणकार सांगतील.

जपानमध्ये बेंतोसाठी सहसा शोकुपान वापरतात, म्हणजे दुधाचा मऊ चौकोनी ब्रेड. तिथे पाकिटावर स्लाइस किती ते लिहिलेलं असतं: ४, ५, ६, ८. पाकीट साधारण एक किनचं असतं (किन हे ब्रेडचं जपानी माप, किमान ३४० ग्रॅम), त्यामुळे सहाच्या पाकिटातली स्लाइस जाड आणि आठच्यातली पातळ असते हे आपोआप कळतं. सँडविचला आठचं किंवा त्याहून पातळ कापलेलं घेतात. तोकियोकडे पातळ स्लाइसची आवड जास्त, ओसाकाकडे जाड. टोस्टला जाड स्लाइस छान लागते, पण डब्यात ती निम्मी जागा खाते आणि सारण दाबलं जात नाही.

हा ब्रेड घरी करत असाल तर युदाने पद्धत वापरून बघा. पिठाचा थोडा भाग उकळत्या पाण्यात भिजवून गार करायचा आणि मग तो कणकेत मळायचा. पिठातला स्टार्च आधीच पाणी धरून बसतो, त्यामुळे ब्रेड दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो.

फ्रिजबद्दल माझं मत ठाम आहे: ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका. ब्रेड शिळा होणं म्हणजे नुसतं वाळणं नव्हे. स्टार्चचे रेणू पुन्हा एकत्र येऊन घट्ट होतात आणि ही क्रिया फ्रिजच्या तापमानाला सगळ्यात वेगाने होते. फ्रीझरमध्ये मात्र ती जवळपास थांबते. म्हणून एकतर बाहेर, नाहीतर थेट फ्रीझरमध्ये. अधलंमधलं काही नको.

पाऊसपाणी

गव्हाळ, ब्रेडपुरतं पटलं. पण अंडं किंवा चिकन घातलेलं सँडविच रात्री बांधलं तर ते फ्रिजमध्ये ठेवावंच लागणार. ब्रेड कडक झाला तरी चालेल, सारण बाहेर ठेवणं चालणार नाही.

गव्हाळ

अर्थातच. म्हणून माझा सल्ला असा की रात्री फक्त सारण करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी बांधा. बांधायला पाच मिनिटं लागतात.

त्याहून सोपं म्हणजे गोठवलेल्या स्लाइसवरच सँडविच बांधायचं. फ्रीझरमधून काढलेली स्लाइस ताठ असते, त्यामुळे मऊ बटर लावताना ती फाटत नाही आणि थर एकसारखा बसतो. वर बर्फाचे कण असतील तर हाताने झटकून टाका. दुपारपर्यंत ब्रेडचा गारठा सुटतो, तो मऊ होतो आणि तोवर आतलं सारणही थोडं गार राहतं. स्लाइस मात्र एकेक सुट्या गोठवा. एकमेकींना चिकटल्या की सोडवताना मोडतात.

कवडसा

अंड्याच्या सारणाबद्दल, कारण आमच्याकडे हेच सगळ्यात जास्त होतं.

डब्यासाठी अंडं पूर्ण उकडलेलं हवं. उकळत्या पाण्यात बारा मिनिटं, मग लगेच गार पाण्यात. अर्धवट बलक फोटोत देखणा दिसतो, पण डब्यात तो वाहतो आणि सुरक्षितही नाही. सोलल्यावर अंडं कापडाने पुसायचं. ही पायरी बरेच जण गाळतात आणि सोलताना लागलेलं पाणी तसंच सारणात जातं.

पुढे बलक आणि पांढरा वेगळे करा. बलक काट्याने मोडून त्यात मेयोनेज घाला आणि अगदी गुळगुळीत होईपर्यंत घोटा. ही पेस्ट इतकी दाट हवी की काटा उभा धरला तरी लगेच आडवा पडणार नाही. पांढरा सुरीने कापा, साधारण वाटाण्याएवढे तुकडे. कुस्करू नका, कुस्करलेला पांढरा पाणी सोडतो. मग तुकडे पेस्टमध्ये हलक्या हाताने मिसळा. मीठ अगदी शेवटी, बांधायच्या वेळी. मिरपूड आणि किंचित मस्टर्ड आधी घातलं तरी चालतं.

मेयोनेज बाजारचंच घ्या. त्यात आम्लता पुरेशी असते. कच्च्या अंड्याचं घरी केलेलं मेयोनेज डब्यासाठी कटाक्षाने टाळा. क्युपी हे जपानी मेयोनेज १९२५ पासून मिळतंय, त्यात फक्त बलक वापरतात, त्यामुळे ते दाट असतं आणि अशा सारणाला फार चांगलं बसतं. तेच हवं असं नाही, दाट कुठलंही चालेल. 'लाइट' प्रकारात पाणी जास्त असतं, ते नको.

हो, आणि मेयोनेज आहे म्हणून बटर वगळू नका. मेयोनेजमध्येही पाणी असतंच.

निवळी

वरचं सगळं पटतंय, पण एक गोष्ट स्पष्ट लिहिली जावी म्हणून मध्ये बोलते. सँडविच 'टिकणं' म्हणजे ते पचपचीत न होणं एवढंच नव्हे. ते खाण्यालायक राहणं त्याहून महत्त्वाचं.

५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू वेगाने वाढतात. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम असा आहे की नाशवंत पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासाची मुदत. आपण इथे पाच-सहा तासांबद्दल बोलतोय. म्हणजे अंडं, चिकन, ट्यूना, हॅम यांपैकी काहीही असेल तर बर्फाची पिशवी हवीच. ती डब्याच्या वर ठेवायची, खाली नाही. गार हवा खाली उतरते. सोबत जाडसर अस्तराची पिशवी असली की काम होतं.

हातांबद्दलही. आपल्या त्वचेवर, नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू अनेकांच्या बाबतीत असतोच. अन्नात वाढला की तो विष तयार करतो आणि ते विष नंतर गरम करूनही जात नाही. म्हणून सँडविच बांधताना हात साबणाने धुवा, शक्यतो हातमोजे किंवा चिमटा वापरा. बोटाला कापलेलं असेल तर हातमोजे घातल्याशिवाय हात लावूच नका. मांस शिजवताना आतपर्यंत ७५ अंश किमान एक मिनिट, हे जपानच्या आरोग्य खात्याचं माप आहे. तिथे जूनच्या पावसाळी हवेत बेंतोबद्दल अशा सूचना दरवर्षी दिल्या जातात.

चेरी टोमॅटो ठेवत असाल तर देठाची हिरवी टोपी काढून, मग धुऊन, पुसून ठेवा. त्या टोपीखाली पाणी आणि जिवाणू दोन्ही अडकून राहतात.

बर्फाची सोय नसेल त्या दिवशी शेंगदाण्याचं बटर आणि जॅम किंवा घट्ट चीज आणि बटर. बास.

रानजाई

निवळीताई, हे सविस्तर लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. टोमॅटोच्या टोपीचं मला माहीतच नव्हतं.

पाऊसपाणी

टोमॅटोचा विषय निघालाच आहे तर माझं थोडं वेगळं मत. डब्यातल्या सँडविचमध्ये कापलेला टोमॅटो घालूच नये. बिया काढा, टिश्यूवर ठेवा, दोन्हीकडून पानं लावा, तरी साडेबाराला तो ओला असतोच. बेंतोची गंमत ही की त्यात कप्पे असतात. चेरी टोमॅटो शेजारच्या कप्प्यात अख्खे ठेवा, घासाबरोबर तोंडात टाका. चव तीच मिळते आणि ब्रेड कोरडा राहतो.

कवडसा

मी घालते, आणि जमतं. बियांचा गर पूर्ण काढायचा, फक्त भिंतीचा मांसल भाग घ्यायचा, त्याच्या बोटभर पट्ट्या करायच्या, मीठ लावून निथळायच्या, टिपायच्या. चीजच्या दोन चकत्यांमध्ये ठेवायच्या. पण एवढा वेळ रोज नसतो हे कबूल. घाईच्या दिवशी पाऊसपाणी म्हणतात तसंच.

टिपकागद

बांधणी आणि कापणी यावर कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. माझ्या मते अर्धं यश इथे आहे.

सँडविच रचून झालं की लगेच कापायचं नाही. क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळायचं आणि वर एखादी हलकी ताटली ठेवून दहा-पंधरा मिनिटं सोडायचं. तेवढ्यात बटर थोडं घट्ट होतं, सारण ब्रेडला धरून बसतं, मधली हवा निघून जाते. वजन हलकंच हवं, नाहीतर ब्रेडची चटई होते.

जाड भरलेल्या सँडविचसाठी बटर पेपर घ्या. कागद मोठा हवा, सँडविचच्या तिप्पट रुंदीचा तरी. सँडविच मधोमध ठेवायचं, समोरची आणि जवळची कड वर आणून एकत्र धरायची आणि दोन्ही मिळून खाली घड्या घालत जायचं, शेवटची घडी ब्रेडवर घट्ट बसेपर्यंत. मग दोन्ही बाजूंची टोकं पाकिटासारखी दुमडून खाली सारायची. चिकटपट्टी लागत नाही, सँडविचचं वजनच घडी धरून ठेवतं. यानंतर कागदासकट कापायचं. प्रत्येक अर्धा कागदाच्या खिशात राहतो आणि खातानाही तसाच धरता येतो.

आत काय कसं ठेवायचं हे कापण्याच्या रेषेवरून ठरवा. आडव्या पट्ट्या असतील तर सुरी त्यांना काटकोनात गेली पाहिजे. गाजराच्या पट्ट्या सुरीला समांतर ठेवल्या तर कापताना त्या बाहेर ओढल्या जातात आणि मधे पोकळी राहते. रचून झालं की कागदावर पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढून ठेवा, गुंडाळल्यावर दिशा विसरायला होते.

सुरी दातेरी, लांब. वरून दाबायची नाही, पुढे-मागे चालवायची, सुरीचं वजन पुरेसं असतं. प्रत्येक कापानंतर पातं ओल्या आणि मग कोरड्या कापडाने पुसा.

मुशाफिर

टिपकागद, समांतर-काटकोनाचा मुद्दा फार कामाचा.

थोडं अवांतर, पण विषयाला धरूनच. प्रवासात टिकणाऱ्या सँडविचचा विचार जपानमध्ये शंभराहून अधिक वर्षं चाललाय. तिथल्या रेल्वे स्थानकांवर मिळणाऱ्या डब्यांना एकिबेन म्हणतात. कानागावामधल्या ओफुना स्थानकावर १८९९ मध्ये ओफुनाकेन या विक्रेत्यांनी सँडविचचा एकिबेन विकायला आणला. त्यात मुख्य जिन्नस हॅम. काकडी नाही, टोमॅटो नाही. आपण ज्या निष्कर्षाला वर आलो तोच: खारवलेलं, कोरडं सारण.

कात्सु सांदो, म्हणजे कटलेट घातलेलं सँडविच, याचं जन्मस्थान म्हणून तोकियोच्या उएनो भागातल्या इसेन या दुकानाचं नाव घेतात, साल १९३५. त्या भागातल्या गेशांना ओठांची रंगरंगोटी न बिघडता खाता यावं म्हणून ते छोट्या पावात केलं, असं सांगतात. मला त्यातली दोन तंत्रं डब्यासाठी महत्त्वाची वाटतात. एक, लहान आकार. दोन घासांत संपणारा तुकडा धरताना वाकत नाही, सारण गळत नाही. दुसरं, सॉस. सॉस ब्रेडला लावायचा नाही, कटलेटला लावायचा. कटलेटचं आवरण तो शोषून घेतं आणि तिथेच धरून ठेवतं. कुरकुरीतपणा जातो, पण इथे तो अपेक्षितच नसतो. ब्रेडला मस्टर्ड मिसळलेलं बटर.

दुपारउन्हं

कटलेट गरम असतानाच सॉसमध्ये बुडवायचं की गार झाल्यावर? आणि कोबी?

मुशाफिर

सॉस गरम असताना लावला तर आत नीट मुरतो. पण त्यानंतर जाळीवर पूर्ण गार करायचं, ताटलीत नाही. ताटलीत खालच्या बाजूला वाफ धरते आणि आवरण सुटतं. गार म्हणजे हाताला अजिबात ऊब लागता कामा नये. जरा जरी गरम असताना बंद केलं तर झाकणाला आतून घाम सुटतो आणि थेंब परत ब्रेडवर पडतात.

कोबी बारीक चिरून, कोरडा करून, मीठ न लावता. आणि थोडाच. जास्त हवा असेल तर बाजूच्या कप्प्यात.

रानजाई

हा गार करण्याचा मुद्दा टोस्ट केलेल्या ब्रेडलाही लागू पडतो. टोस्ट केल्यावर स्लाइस एकमेकींना टेकवून तंबूसारख्या उभ्या ठेवा, आडव्या ठेवल्या तर खालची बाजू ओलावते. गार झाल्यावरच बटर.

सांजवेळ

माझा डबा लहान मुलासाठी, ४५० मिलिलिटरचा आणि उथळ. त्यात चौकोनी सँडविच बसतच नाही. काय करू?

कवडसा

सांजवेळ, उथळ डब्याला गुंडाळीचं सँडविच उत्तम. स्लाइसच्या कडा कापा, लाटणं हलकेच फिरवून ब्रेड थोडा चपटा करा, चीजचा मऊ थर किंवा बटर लावा, वर हॅमची किंवा चीजची चकती. लांबची कड बोटभर मोकळी ठेवा, तिथे फक्त बटर. घट्ट गुंडाळून क्लिंग फिल्ममध्ये टोकं पिळा आणि पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये. तेवढ्या वेळात ब्रेड कडक होत नाही. मग तीन किंवा चार तुकडे करून कापलेली बाजू वर ठेवून उभे करा.

उभं ठेवणं सगळ्याच सँडविचना लागू आहे. आडवं एकावर एक रचलं की खालच्यावर भार येतो. उभे तुकडे एकमेकांना आधार देतात आणि उघडल्याबरोबर काय आहे ते दिसतं.

निवळी

लहान मुलासाठी अख्खे चेरी टोमॅटो आणि द्राक्षं नकोत, घशात अडकतात. उभे चार भाग करूनच द्या आणि सिलिकॉनच्या वाटीत ठेवा, म्हणजे रस बाहेर येणार नाही.

सांजवेळ

दोघींचेही आभार. आणि मोकळ्या जागा कशाने भरता? सँडविच ठेवल्यावर कोपऱ्यात नेहमी फट राहते.

टिपकागद

क्रम उलटा करा. आधी सँडविच, मग मोठे जिन्नस, शेवटी फटीत बसणारे: उकडलेल्या ब्रोकोलीचे तुरे, चीजचे चौकोन, गाजराचे काप. ब्रोकोली उकडल्यावर तुरा खाली करून कापडावर ठेवा, त्यात फार पाणी दडून असतं. सँडविचच्या बाजूला ओलसर काही येणार असेल तर मधे बटर पेपरची उभी भिंत करा. ते हिरवं प्लॅस्टिकचं गवत, बारान, दिसायला छान, पण पाणी अडवत नाही. डबा भरून झाला की झाकण लावून हलकेच तिरपा करून बघा. आत काही हललं तर अजून जागा आहे.

दुपारउन्हं

पूर्ण सँडविचच गोठवून ठेवता येतं का? आठवड्याची तयारी रविवारी करायचा विचार आहे.

गव्हाळ

काही प्रकार येतात. हॅम-चीज, शिजवून पूर्ण गार केलेलं चिकन आणि बटर, शेंगदाण्याचं बटर, कात्सुसुद्धा. अंड्याचं नको, पांढरा रबरासारखा होतो. मेयोनेज फुटतं, लेट्यूस आणि काकडी मरगळतात. म्हणजे कोरडं सारण गोठवा आणि पानं त्या दिवशी वेगळी द्या. प्रत्येक सँडविच फिल्ममध्ये घट्ट, मग फ्रीझरच्या पिशवीत हवा काढून. मी दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवत नाही, वास धरतो. सकाळी फ्रीझरमधून थेट डब्यात, फिल्म तशीच राहू द्या, म्हणजे सुटताना दंव बाहेरून धरेल, ब्रेडला नाही. बर्फाची पिशवी सोबत हवीच.

पाऊसपाणी

एक शेवटची शंका. माझ्याकडे जपानमधल्या ओदातेचा मागेवाप्पा डबा आहे, सुगी या जपानी झाडाच्या वाकवलेल्या पातळ फळीचा, लेप नसलेला. भाताला तो अप्रतिम, जास्तीची वाफ लाकूड पिऊन घेतं. सँडविचला चालेल का?

मुशाफिर

चालेल, पण उलट्या काळजीसह. बिनलेपाचं लाकूड ब्रेडचाही ओलावा ओढून घेतं आणि कडा वाळतात. बटरचा डागही कायमचा बसतो. सँडविच कागदात गुंडाळूनच ठेवा, तळाला बटर पेपर घाला. आणि रात्री भांड्यांबरोबर पाण्यात बुडवून ठेवू नका, धुऊन लगेच पुसा आणि सावलीत उपडा न ठेवता उताणा वाळू द्या.

रानजाई

पाऊसपाणी, फळांचा कप्पा मात्र त्यात करू नका. रस लाकडात गेला तर वास जात नाही. फळं वेगळ्या छोट्या डब्यातच द्या.